आधी कोणी केले आणि नीट कोणी केले

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या डिसेंबरात आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. तिचा विषय ज्यांच्या स्मरणात असेल त्यांना या लेखाचे कारण निराळे सांगायला नको. ज्यांनी त्या दुपारी सभागृहाऐवजी कँटीन पसंत केले, त्यांच्यासाठी सांगते. विषय होता, 'तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात यश हे पहिल्या शोधकर्त्याचेच असते.' मी अनुकूल बाजूने बोलले. एडिसन, राइट बंधू ही नावे टाळ्यांच्या अंदाजाने पेरली. 'दुसऱ्याच्या ताटातले उचलून खाणाऱ्यांची नावे इतिहास ठेवीत नाही' असे एक वाक्य आरशासमोर चारदा घोटून ठेवले होते, तेही नेमक्या जागी टाकले, आणि फिरती ढाल आमच्या वर्गाकडे आली. ढाल आता ग्रंथालयातील काचेच्या कपाटात आहे. मी मात्र त्या बाजूवर राहिले नाही. संपादकांनी लेख मागितला तेव्हा मनात आले, जे सर्वांसमोर बोलले ते सर्वांसमोरच मागे घ्यावे.

खरे पाहता ती ढाल मला मिळायलाच नको होती. एडिसनचे नाव मी 'पहिला' म्हणून घेतले. पण विजेचा दिवा करण्याच्या खटपटीत त्याच्या आधी कितीतरी जण होते. इंग्लंडात जोसेफ स्वान याने एडिसनच्या दिव्याच्या काही महिने आधी, १८७९ च्या प्रारंभीच, आपला दिवा लोकांसमोर लावून दाखविला होता. पुढे इंग्लंडात दोघांना भांडण मिटवून एकत्र कंपनी काढावी लागली. प्रतिपक्षाच्या एखाद्या वक्त्याला एवढे ठाऊक असते तर माझे भाषण तिथेच आडवे झाले असते. त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. अज्ञान दोन्हीकडे सारखे असले की ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो, हा आपल्या स्पर्धांचा जुना नियम आहे. असो.

माझे मन पालटले ते पुस्तकाने नव्हे, आजोबांच्या ट्रान्झिस्टरने. चामड्याच्या खोळीतला हा रेडिओ साठीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या घरी आला. त्या काळी रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे. पुढे ऐंशीच्या दशकात ती पद्धत गेली. पण आजोबांनी ते परवान्याचे पुस्तक तिकिटांसकट जपून ठेवले आहे. गेल्या जानेवारीत ट्रान्झिस्टर मुका झाला. घरात चार मोबाईल फोन आहेत आणि प्रत्येकावर जगातली सगळी गाणी लागतात, हे आजोबांना सांगून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले आणि पिशवीत घालून ट्रान्झिस्टर माझ्या हाती दिला.

बाजारपेठेच्या मागच्या बोळात एक दुरुस्तीवाले काका बसतात. आता बहुतेक मोबाईलच्या काचा बदलतात. पण जुने काही आले की त्यांचा चेहरा खुलतो. त्यांनी मागचे झाकण उघडले, आतल्या तांबूस पट्टीकडे बोट दाखविले आणि मी न विचारताच म्हणाले, "पोरी, हा शोध अमेरिकेचा बरं का. पण अमेरिकेनं त्याचं केलं काय? बहिऱ्यांच्या कानात घालायचं यंत्र! रेडिओ केला तो जपान्यांनी. ज्यानं पहिल्यांदा काढलं तो बसला बघत."

ढाल मिळून महिनाही झाला नव्हता. मी अर्थातच वाद घातला. काकांनी तो शांतपणे ऐकला, सुटा भाग मिळायला वेळ लागेल असे सांगितले आणि चिठ्ठी लिहून दिली. घरी येताना मी ठरविले की काकांना पुराव्यानिशी गप्प करायचे. त्यापायी जे वाचले त्यात काका पूर्ण बरोबर ठरले नाहीत, आणि मी तर पुरतीच चुकीची ठरले.

मुळात 'ट्रान्झिस्टर' हा शब्दच पाहा. आपल्याकडे ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ. शेताच्या बांधावर झाडाला टांगलेला, सायकलच्या दांडीला अडकवलेला, क्रिकेटच्या दिवसांत पानाच्या टपरीवर ओरडणारा. वस्तुतः ट्रान्झिस्टर हा त्या रेडिओच्या पोटातला डाळीएवढा भाग. दुबळा विद्युत्संदेश मोठा करणारा. पूर्वी हे काम काचेच्या व्हॉल्व्हने होई. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे, वीज भरपूर लागे, म्हणून जुना रेडिओ पेटीएवढा आणि घराच्या कोनाड्यात बसणारा. मराठी माणसाने भागाचे नाव उचलून अख्ख्या वस्तूला दिले. म्हणजे पहिल्या शोधाचे नाव आपण रोज घेत होतो. तो कोणी लावला हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

तो लावला अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी, डिसेंबर १९४७ मध्ये. त्यांचा प्रमुख विल्यम शॉकली याने त्यातूनच पुढे अधिक टिकाऊ प्रकार सिद्ध केला. तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण १९४८ च्या जूनअखेर हा शोध पत्रकारांना दाखविला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी रेडिओविषयक सदराच्या तळाशी थोडक्यात उरकली. आणि गंमत अशी की त्या दिवशी पत्रकारांना जे दाखविले त्यात व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर बसवलेला एक रेडिओही होता! म्हणजे 'ट्रान्झिस्टरचा रेडिओ करता येईल' ही कल्पना जन्मदिवशीच टेबलावर मांडलेली होती. तिला बाजारात यायला आणखी सहा वर्षे लागली. बेलची मालक कंपनी टेलिफोनची. तिला रेडिओ विकायचे नव्हते.

इकडे तोक्यो शहरात १९४६ साली, युद्धात जळालेल्या वस्तीतल्या एका पडीक दुकान-इमारतीत, मासारू इबुका आणि अकिओ मोरिता यांनी वीसेक माणसांची एक छोटी कंपनी काढली होती. सुरुवातीच्या उद्योगांत त्यांनी विजेवर भात शिजविण्याचे लाकडी भांडेही करून पाहिले. भात कधी कच्चा राही, कधी लगदा होई. हीच कंपनी पुढे सोनी या नावाने ओळखली गेली. ट्रान्झिस्टरचा परवाना अमेरिकेकडून घेण्यासाठी २५ हजार डॉलर भरायचे होते. एवढे परकीय चलन या फुटकळ कंपनीला द्यावे की नाही, यावर जपानी सरकारच्या व्यापार खात्याने कित्येक महिने कागद अडवून धरला. आणि परवाना देणाऱ्या अमेरिकन कंपनीनेही सल्ला दिला तो श्रवणयंत्रेच करण्याचा. इथवर दुरुस्तीवाल्या काकांचे म्हणणे अक्षरशः खरे.

पण पुढे काका घसरले. जगातला पहिला विकाऊ ट्रान्झिस्टर रेडिओ जपानी नव्हता. तो ऑक्टोबर १९५४ मध्ये अमेरिकेतच जाहीर झाला. रीजन्सी टीआर-१ हे त्याचे नाव, किंमत ४९ डॉलर ९५ सेंट, आत चार ट्रान्झिस्टर. सुटे ट्रान्झिस्टर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने पुरविले होते, आणि रेडिओ बांधला इंडियानापोलिसच्या एका लहान कंपनीने. पहिल्या वर्षात तो लाखाच्या घरात खपला. सोनीने तेव्हा स्वतःचा रेडिओ जवळजवळ तयार केला होता. पण दर्शनी भागाची प्लास्टिकची जाळी उन्हाळ्यात वाकली आणि तो बाजारात आणताच आला नाही. दुसरा रेडिओ ऑगस्ट १९५५ मध्ये निघाला. शर्यत म्हणून पाहिले तर सोनी हरली होती.

मग आज रीजन्सीचे नाव जुन्या वस्तू जमविणाऱ्या शौकिनांपलीकडे कोणाला का माहीत नसावे? याचे उत्तर शोधताना माझे भाषण मला वाक्यावाक्याने परत आठवू लागले आणि लाज वाटू लागली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला रेडिओची माया नव्हती. ट्रान्झिस्टर ही प्रयोगशाळेतली नवलाई नसून हजारोंनी करता येणारी वस्तू आहे, एवढे त्यांना मोठ्या गिऱ्हाइकांना दाखवायचे होते. ते साधले, आणि ते पुढच्या कामाला लागले. (त्या पुढच्या कामात त्यांच्या जॅक किल्बी याने १९५८ साली अनेक भाग एकाच तुकड्यावर बसविणारे परिपथ केले आणि २००० साली नोबेल मिळविले. तेव्हा 'पहिले' नेहमी हरतात असे म्हणण्याची घाई मी आता करणार नाही. एकदा एका टोकाला जाऊन पाहिले, पुरे.) रीजन्सीची बॅटरी महाग, आवाज यथातथा, पण ते सुधारायला मागे कोणी उरले नाही.

सोनी मात्र रेडिओलाच धरून बसली. सुरुवातीला त्यांचे शंभरातले फार थोडे ट्रान्झिस्टर कामाचे निघत. त्याहून कठीण गोष्ट निराळीच होती. ट्रान्झिस्टर लहान झाला. पण रेडिओत बाकीचे भाग असतातच की! ध्वनिक्षेपक, कंडेन्सर, रोहित्र हे सगळे व्हॉल्व्हच्या काळातल्या मापाचे. ते लहान केल्याशिवाय रेडिओ लहान होईना. हे भाग करणाऱ्या कारखानदारांच्या दारात जाऊन, त्यांची मनधरणी करून, एकेक भाग आक्रसून घ्यावा लागला. यात कसला 'शोध' आला? याचे नोबेल कोण देणार? पण १९५७ च्या मार्चमध्ये टीआर-६३ हा रेडिओ निघाला तो या शेकडो निनावी खटपटींतून. 'खिशात मावणारा' अशी त्याची जाहिरात होती; प्रत्यक्षात तो सदऱ्याच्या खिशापेक्षा किंचित मोठाच होता. तेव्हा मोरिता यांनी विक्रेत्यांसाठी थोडे मोठे खिसे असलेले सदरे शिवून घेतले! हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितले आहे. लबाडी म्हणावी तर आहे. पण सदऱ्याच्या खिशाचे माप घेऊन रेडिओ करायला बसणारा माणूस गिऱ्हाइकाच्या किती जवळ जाऊन उभा होता, हेही त्यातून दिसते.

आणखी एक प्रसंग. १९५५ मध्ये अमेरिकेतील बुलोव्हा या घड्याळ-कंपनीने मोरितांना एक लाख रेडिओंची मागणी दिली. अट एकच, रेडिओवर नाव बुलोव्हाचे घालायचे. तोक्योहून कंपनीचा निरोप आला की मागणी घ्या. मोरितांनी ती नाकारली. ज्याच्याजवळ स्वतःचे नवे काहीच नाही, निव्वळ दुसऱ्याची वस्तू गिरवली आहे, तो माणूस नावासाठी एवढा अडून बसेल असे मला वाटत नाही. आपण यात आपले काही घातले आहे, हे त्यांना ठाऊक होते.

आता ज्या गोष्टीने माझी ढाल खऱ्या अर्थाने भंगली ती सांगते. रेडिओ अधिक चांगला लागावा म्हणून सोनीला अधिक उच्च कंप्रतेवर चालणारे ट्रान्झिस्टर हवे होते. त्यासाठी जर्मेनियममध्ये फॉस्फरस मिसळण्याचे प्रमाण वाढवून पाहणे चालू होते. काम अगदी सुधारणेचे, कंटाळवाणे, थोडे थोडे वाढवून पाहण्याचे. १९५७ साली त्या कामात लिओ एसाकी या तरुण भौतिकीज्ञाला काही नमुने उलटे वागताना दिसले. दाब वाढविला की प्रवाह वाढायचा तो एका टप्प्यावर कमी होई. इलेक्ट्रॉन जिथून जाऊच शकू नये अशा अडथळ्यातून बोगदा काढल्यासारखे पलीकडे जात होते. पुंजभौतिकीने जे कागदावर सांगितले होते ते अर्धवाहकात असे उघड दिसले. एसाकींना १९७३ चे नोबेल पारितोषिक त्याबद्दल मिळाले. ज्यांना आपण 'नक्कल करणारे' म्हणून बाजूला काढतो, त्यांच्याच कारखान्यात, नकलेची डागडुजी करताना, जगातली एक पहिली गोष्ट सापडली! 'आधी कोण' आणि 'नीट कोण' यांच्यामध्ये मी जी भिंत व्यासपीठावर बांधली होती, तिच्यातूनही असाच बोगदा निघाला म्हणायचा.

हे सर्व एका दिवशी मी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना उत्साहाने सांगितले. मला वाटले, ते शाबासकी देतील. सरांनी चष्मा पुसत विचारले, "ठीक. म्हणजे कंपनीने शोध लावण्याच्या फंदात पडू नये, दुसऱ्याने लावला की सुधारून विकावा. पण मग तोवर त्या दुसऱ्याला जेवू कोणी घालायचं?"

मला उत्तर सुचले नाही. वादविवाद स्पर्धेत असे प्रश्न विचारीत नाहीत.

विचार करता करता लक्षात आले, बेल प्रयोगशाळेला जेवू घातले ते अमेरिकेतील टेलिफोनधारकांनी. बेलची कंपनी मक्तेदार होती. दर महिन्याच्या बिलातून ठरलेला पैसा येई, आणि त्यातूनच दहा वर्षांनी उपयोगी पडेल की नाही याची खात्री नसलेले संशोधन पोसले जाई. मक्तेदारीविरुद्ध सरकारने १९४९ पासून खटला चालविला होता, त्यामुळे शोध दडवून ठेवणेही कंपनीला सोयीचे नव्हते. १९५२ साली तिने परवानाधारकांना बोलावून ट्रान्झिस्टर कसा करायचा हे चक्क शिकविले. अशी दुहेरी परिस्थिती क्वचितच जुळून येते. इबुका-मोरितांच्या चिकाटीचे गोडवे गाताना ही अमेरिकन बिले आपण विसरतो. मीही विसरले होते.

हाच हिशेब पुढेही दिसतो. त्यासाठी खिशातल्या गाण्याचीच गोष्ट थोडी पुढे नेते. १९६३ साली हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली. तिचे माप ठरविताना लू ऑटेन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा करून घेतला होता. खिशाचे माप इथेही आलेच! या कॅसेटने आपल्याकडे काय केले ते आपल्या आईवडिलांना विचारावे. ऐंशीच्या दशकात मोठ्या रेकॉर्ड-कंपन्यांनी ज्यांना दारात उभे केले नसते, त्या शाहिरांच्या, भजनी मंडळांच्या, भीमगीते गाणाऱ्यांच्या कॅसेटी जत्रेत आणि बसस्थानकावर विकल्या गेल्या. त्या विकणाऱ्या लहान कंपन्यांनी काही म्हणता काही शोधले नव्हते. शोधले असलेच तर ऐकणारे शोधले.

त्या कॅसेटवर सोनीचा वॉकमन उभा राहिला. १ जुलै १९७९ रोजी तो ३३ हजार येनांना विक्रीला आला. त्याच्या घडणीत मला सर्वांत नवल वाटते ते याचे, की त्यात काही वाढविण्यापेक्षा कमीच जास्त केले होते. बातमीदारांसाठी सोनीचे एक हातातले ध्वनिमुद्रण यंत्र होते. त्यातून ध्वनिमुद्रण काढून टाकले, बोलका ध्वनिक्षेपक काढला; स्टीरिओ आवाज आणि हलका हेडफोन तेवढा घातला. ध्वनिमुद्रण न करणारे यंत्र कोण घेणार, असे कंपनीतच कित्येकांना वाटत होते. पहिल्या महिन्यात जेमतेम ३ हजार खपले. नंतर दुकाने पुरवठ्याला पुरी पडेनात. एकट्यानेच गाणे ऐकणे असभ्य दिसेल या भीतीने पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावण्याची सोय ठेवली होती, आणि दोघांना आपसांत बोलता यावे म्हणून एक नारिंगी कळ. आज बसमध्ये कानांत बोंडे खुपसून शेजारच्याकडे ढुंकूनही न पाहणारे आपण ती कळ पाहून हसू. मला मात्र ती कळ करणाऱ्यांविषयी आदर वाटतो.

परंतु या गोष्टीला एक काळी बाजू आहे आणि ती लपविली तर मी पुन्हा भाषणच करीन. आंद्रेआस पावेल या गृहस्थाने अंगावर बाळगून हेडफोनने स्टीरिओ संगीत ऐकण्याचे साधन आधीच कल्पिले होते आणि १९७७ साली इटलीत त्याच्या पेटंटसाठी अर्जही केला होता. त्याने कल्पना कंपन्यांना दाखविली तेव्हा, लोक कानाला यंत्र लावून चारचौघांत फिरतील हेच त्यांना पटले नाही. वॉकमन निघाल्यावर तो वर्षानुवर्षे भांडला, इंग्लंडच्या न्यायालयात हरला, आणि अखेर २००३ साली सोनीने त्याच्याशी तडजोड केली. वॉकमन निघून तोवर चोवीस वर्षे झाली होती. सोनीने त्याचीच कल्पना उचलली असे मी म्हणत नाही. दोन ठिकाणी एकच गोष्ट सुचू शकते. पण एकटा माणूस आधी असतो आणि कंपनी नंतर येते, तेव्हा 'नीट केले' हे शब्द फार सोयीचे होतात. त्यांच्या आडून काहीही खपविता येते.

मग सुधारणा कशाला म्हणायचे आणि उचलेगिरी कशाला? आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका नसावा. सुभद्राहरणाची कथा अण्णासाहेब किर्लोस्करांनी शोधली नव्हती. ती महाभारतात होती. मराठी नाटक आधी विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत उभे केलेलेच होते. तरीही १८८२ च्या 'संगीत सौभद्र'ला कोणी नक्कल म्हणत नाही, कारण कथा घेतली तरी तिला जे दिले ते किर्लोस्करांचे स्वतःचे. याउलट परीक्षेच्या आदल्या रात्री आपण ज्या गाईडांवर तुटून पडतो ती पाहा. एकाने दुसऱ्यातून उतरविलेले, दुसऱ्याने तिसऱ्यातून, आणि मूळची चूकही प्रत्येकात तशीच! हे माझे माप फार शास्त्रशुद्ध नाही हे मी जाणते. कायद्याचे पदवीधर त्याला हसतील. पण दुसऱ्याची वस्तू हातात घेणाऱ्याने तिच्यात स्वतःचे काय ओतले, आणि मूळ कोणाची हे सांगताना त्याची जीभ अडखळली का, एवढे दोन प्रश्न विचारले तर निदान गाईडवाले उघडे पडतात.

सोनीची गोष्ट २००१ साली एका विचित्र वळणावर आली. त्याआधी १९९८ मध्येच कोरियाच्या एका कंपनीने एमपी-३ गाणी वाजविणारे छोटे यंत्र काढले होते. अमेरिकेतही एक निघाले होते. त्यांत थोडीच गाणी मावत. ॲपलने २३ ऑक्टोबर २००१ रोजी आयपॉड जाहीर केला तेव्हा या प्रकारात ती पहिली नव्हती. यंत्रातली छोटी तबकडी तोशिबाची. गाणी दाबून लहान करण्याची एमपी-३ पद्धत जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने सिद्ध झालेली. त्या संस्थेत सरकारचा पैसा मोठा. आणि इतक्या लहान तबकडीवर इतके काही मावू लागले त्याच्या मुळाशी १९८८ साली आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी चुंबकीय थरांवर केलेले मूलभूत काम. त्यांना २००७ मध्ये नोबेल मिळाले. ॲपलने केले ते एवढेच, की हजार गाण्यांतून हवे ते अंगठ्याने चक्र फिरवून चटकन सापडावे अशी सोय केली आणि संगणकावरील गाणी सहज आत जातील अशी जोडणी केली. 'एवढेच' म्हणते खरी. पण ते एवढेच आधीच्या कोणाला जमले नव्हते.

आणि सोनी? वॉकमनची जन्मदाती, हलक्या हेडफोनची कर्ती! तिच्याजवळ १९९९ पासून स्मृतिपट्टीवर गाणी ठेवणारे यंत्र होते. परंतु १९८८ साली तिने सीबीएस रेकॉर्ड्स ही मोठी संगीत-कंपनी २०० कोटी डॉलरना विकत घेतली होती. आता गाणी विकणारा भाऊ आणि यंत्र विकणारा भाऊ एकाच घरात. यंत्र सोपे केले तर गाणी चोरीला जातील ही भीती. म्हणून सोनीने स्वतःची निराळी पद्धत गिऱ्हाइकांवर लादली. एमपी-३ गाणे आधी त्या पद्धतीत पालटून घ्यायचे, मग ऐकायचे. ज्या कंपनीने एकेकाळी खिशाच्या मापासाठी सदरे शिवले, ती आता गिऱ्हाइकाला आपल्या मापात बसवू लागली होती. मला वाटते, सोनी मागे पडली ती इथे. आधी कोण आणि नंतर कोण याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. याची चुणूक खरे तर १९७५ मध्येच दिसली होती. घरगुती व्हिडिओसाठी तिची बीटामॅक्स पद्धत प्रतिस्पर्ध्याच्या व्हीएचएसच्या आधी वर्षभर बाजारात आली. पण तिच्या कॅसेटीत तासभराचेच चित्रण मावे आणि व्हीएचएसमध्ये दोन तासांचे. सिनेमा तासाभरात संपत नाही, एवढी साधी गोष्ट पहिल्याच्या ध्यानी आली नाही.

आयपॉडही २०२२ साली बंद झाला. त्याला त्याच्याच घरच्या फोनने गिळले. यावर काही लिहिण्यासारखे मला सुचत नाही.

सरांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे. कंपन्या सुधारून जिंकतात हे मला आता पटले आहे, आणि त्यात हलके काही नाही हेही. पण ज्या समाजात सगळेच सुधारणारे होतील, तिथे सुधारायला काही उरणार नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला फळ मिळेपर्यंत कंपनी थांबत नाही. टेलिफोनचे बिल, सरकारी संस्था, विद्यापीठ यांपैकी कोणीतरी थांबावे लागते. आपल्या विद्यापीठांत संशोधनाच्या अनुदानाची वेळ आली की 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. १९४७ साली तो प्रश्न बार्डीन-ब्रॅटन यांना कडकपणे विचारला असता तर आजोबांच्या हाती आजही कोनाड्यातली पेटीच असती. पुढच्या वर्षी मी इथे नसेन. वाङ्मयमंडळाला माझी सूचना आहे की विषय 'पहिल्याचे पोट कोणी भरायचे?' असा ठेवावा. त्यावर टाळ्या कमी पडतील, पण प्रतिपक्षाला घरी जाऊन वाचावे लागेल.

ट्रान्झिस्टर मार्चमध्ये परत मिळाला. मी काकांना रीजन्सीची सर्व हकीकत तारखांसह ऐकविली. त्यांनी मान डोलावली. "असेल. आपल्या हातात आला तो जपानी," एवढे म्हणाले आणि दुसऱ्या कुठल्या मोडक्या रेडिओतून काढून बसविलेल्या भागाचे दीडशे रुपये घेतले. घरी आजोबांनी खोळीतून काढून कान पिळला, काटा सावकाश सरकविला. खरखरीतून एक केंद्र लागले. कोणीतरी भजन म्हणत होते. आजोबा थोडा वेळ कान देऊन राहिले, मग आजीला हाक मारून म्हणाले, "अगं, पूर्वीपेक्षा बरा वाजतोय की हा!"